उपाहारगृहाची प्रतिमा आणि छायाचित्रण : एका दिवसाचे नियोजन

उपाहारगृहात पाऊल ठेवण्यापूर्वीच आजचा ग्राहक तेथील पदार्थ छायाचित्रांत पाहिलेला असतो. मेनूकार्ड, दर्शनी फलक आणि मोबाइलवरील घरपोच सेवेचे अॅप या सर्व ठिकाणी तीच चित्रे व्यवसायाच्या वतीने बोलत असतात. चंदीगडसारख्या शहरात हे विशेष जाणवते. सेक्टर १७, २६ व ३५ मध्ये उपाहारगृहे एकमेकांना लागून आहेत आणि दाल मखनी, अमृतसरी कुलचा, लस्सी हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. अशा वेळी आपली निराळी ओळख चित्रांतून कशी उमटवावी, हा उद्योजकापुढील खरा प्रश्न असतो.

उद्देश आधी, कॅमेरा नंतर

कर्जप्रस्तावात ज्याप्रमाणे रकमेआधी प्रयोजन लिहावे लागते, त्याचप्रमाणे येथेही प्रथम प्रयोजन लिहून काढावे. चित्रे कोठे वापरायची, आडवी हवीत की उभी, कोणते पदार्थ व्यवसायाची ओळख ठरतात, याची यादी करावी. मेनूतील साठ पदार्थ घाईने टिपण्यापेक्षा निवडक बारा पदार्थ नीट टिपणे केव्हाही हिताचे. त्यांच्या जोडीला दर्शनी भाग, बैठकव्यवस्था आणि तंदूरवर काम करणारे हात यांची मोजकी चित्रे असावीत.

शहराचा स्वभाव

ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या या शहराला उघडे काँक्रीट, विटा आणि सरळ रेषा यांची स्वतंत्र दृश्यभाषा आहे. येथील कॅपिटल कॉम्प्लेक्सचा २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पिअर जनरे यांच्या सागवान व वेताच्या खुर्च्याही जगप्रसिद्ध आहेत. मूळ खुर्च्या हा जपण्याचा वारसा आहे. मांडणीसाठी स्थानिक सुताराने केलेली साधी वेताची खुर्ची पुरेशी असते. करड्या पार्श्वभूमीवर पितळी वाटीतील दाल अधिक खुलते. सार्वजनिक जागेत चित्रण करावयाचे असल्यास परवानगीची चौकशी आधीच करावी.

प्रकाश, ऋतू आणि क्रम

खाद्यपदार्थांस खिडकीतून बाजूने येणारा सौम्य प्रकाश सर्वांत मानवतो. खिडकीचा उजेड व ट्यूबलाइट एकत्र आल्यास पांढरा भात पिवळट किंवा निळसर दिसतो. म्हणून आतील दिवे बंद ठेवावेत. चंदीगडला डिसेंबर-जानेवारीत धुके असते व दिवस लहान असतो, तर मे-जूनमधील ऊन प्रखर असते. मात्र सरसों का साग व मक्याची रोटी हिवाळ्यातच अस्सल मिळते. त्यामुळे वर्षातून एकच मोठे चित्रण करण्याऐवजी ऋतुमानानुसार दोन लहान चित्रणे सोयीची ठरतात.

प्रत्येक पदार्थाच्या दोन थाळ्या कराव्यात. पहिलीवर प्रकाश व कोन ठरवावा. सर्व जुळल्यावरच ताजी थाळी मागवावी. थाळी व कुलचा वरून, तर लस्सीचा पेला समोरून टिपावा. लोणी, फेस व कोथिंबीर यांचे आयुष्य काही मिनिटांचेच असते. ती शेवटच्या क्षणी घालावीत.

सजावटीची मर्यादा

अमेरिकेतील कॅम्पबेल कंपनीने सूपच्या जाहिरातीत भाज्या वर दिसाव्यात म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या होत्या. तेथील व्यापार आयोगाने १९७० साली या प्रकरणी आदेश काढला. आपल्याकडेही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार पदार्थाचे स्वरूप वा दर्जा यांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाहून मोठी हानी विश्वासाची असते. चित्रात पनीरचे आठ तुकडे दिसले आणि वाटीत चारच आले, तर ग्राहक पुन्हा फिरकत नाही. यासाठी नियम सोपा आहे : ज्या भांड्यात व ज्या प्रमाणात पदार्थ वाढला जातो, त्याच भांड्यात व त्याच प्रमाणात तो टिपावा.

खर्च आणि करार

समजा, छायाचित्रकाराने ४०,००० रुपये सांगितले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरता देयक ४७,२०० रुपयांचे होते. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहास भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून संपूर्ण ४७,२०० रुपये हाच खरा खर्च समजावा. त्यात दुहेरी थाळ्यांचे साहित्य आणि त्या वेळेत बुडणारी विक्री मिळवावी. आठवड्यातील मंद दिवस व दुपारच्या जेवणापूर्वीची वेळ निवडल्यास हे नुकसान घटते.

स्वामित्वहक्काचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम देणारा असतो. परंतु करारात निराळे लिहिले असल्यास तसे राहत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वापराचे हक्क, चित्रांची संख्या, दुरुस्त्या व मूळ फाइली यांविषयीच्या अटी वाचून घ्याव्यात. कर्मचाऱ्यांचे चेहरे दिसणार असल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी.

पतपुरवठ्याच्या व्यवहारात शब्दाला जे मोल असते, तेच येथे चित्राला असते. चित्राने दिलेले वचन स्वयंपाकघराने रोज पाळले, तरच त्यावर केलेला खर्च ही गुंतवणूक ठरते.