असोद्याच्या चौकात एलईडी वॉल: फोर-के चित्रपट नीट कसा दाखवावा

जळगावजवळचं असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. 24 ऑगस्ट 1880 ला त्यांचा जन्म इथला; 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या. त्यांच्या स्मृतिदिनी गावात उघड्यावर एलईडी वॉल लावून चित्रपट दाखवायचा, असं धरून ही कृती दिली आहे. तारीख मुद्दाम डिसेंबरची घेतली. ऑगस्टमध्ये पावसाचा भरवसा नाही, आणि उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटलं की एवढी मोठी वॉल शिडासारखा वारा धरते.

कार्यक्रमात दोन गोष्टी धरू. आधी गावातल्या पोरांनी मोबाइलवर फोर-केमध्ये केलेलं असोद्याचं चित्रण, मग ‘मानिनी’ हा 1961 चा कृष्णधवल चित्रपट. त्यात बहिणाबाईंची गाणी आहेत. हक्कधारकाची लेखी परवानगी आणि चांगली प्रत आधी मिळवा. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल मोठ्या पडद्यावर लगेच उघडी पडते, शिवाय ती दाखवणं बेकायदा आहे.

पहिलं काम फोनवरचं. एलईडीवाला “सोळा बाय दहा फुटांची वॉल, फोर-के चालेल” असं सांगेल. त्याला पॅनलचा पिच विचारा, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर. लग्नाकार्यात बहुधा 3.91 मिलिमीटरचा पिच येतो. वॉल ज्या सुट्या चौकोनांची जोडतात त्यांना कॅबिनेट म्हणतात; या पिचच्या अर्धा मीटर बाय अर्धा मीटर कॅबिनेटमध्ये 128 बाय 128 ठिपके असतात. आडवी 10 आणि उभी 6 अशी 60 कॅबिनेट लावली की 5 मीटर रुंद, 3 मीटर उंच वॉल होते आणि तिचे ठिपके भरतात 1280 बाय 768. फोर-के फाइलमध्ये 3840 बाय 2160 ठिपके असतात. तेवढे सगळे या पिचवर दाखवायचे तर सुमारे 15 मीटर रुंद आणि साडेआठ मीटर उंच वॉल लागेल. म्हणजे फोर-के फाइल आपल्या वॉलवर चालते हे खरं, पण फोर-के चित्र दिसतं हे खरं नाही. 3840 चे 1280 होतात आणि 2160 चे 720. दर नऊ ठिपक्यांचा एक.

म्हणून वॉल रद्द करायची गरज नाही. माणसाची नजर 3.91 मिलिमीटरवरचे ठिपके साधारण 13 मीटरपलीकडून वेगळे ओळखू शकत नाही. बहुतेक लोक त्याहून मागेच बसतील. सतरंजीची पहिली रांग निदान पाच मीटरवर ठेवा आणि वॉलची खालची कड जमिनीपासून पाच फूट उचला, म्हणजे मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येणार नाहीत. बारीक पिचसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा सगळी कॅबिनेट एकाच लॉटची असावीत असा आग्रह धरा. कृष्णधवल चित्रपटाला तर हे फारच गरजेचं. रंगीत चित्रात दोन लॉटमधला फरक खपून जातो. करड्या आभाळात मात्र एक चौकोन गुलाबी, शेजारचा हिरवट असा पट मांडलेला दिसतो.

आता फाइल. मोबाइलवरच्या चित्रणात दोन खोडी असतात. एकतर फ्रेमचा वेग स्थिर नसतो, त्यामुळे आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो. दुसरं म्हणजे एचडीआर चालू राहिलेलं असतं आणि साध्या वॉलवर ते चित्र फिकट, धुतल्यासारखं येतं. संकलन करताना वेग 25 किंवा 30 वर बांधून घ्या, रंग साध्या एचडीत, म्हणजे रेक 709 मध्ये, आणा आणि शेवटची फाइल 1280 बाय 720 ची एच 264 मध्ये काढा. ठिपके कमी करण्याचं काम घरी निवांत केलं की ते लॅपटॉप आणि वॉल यांच्यामधल्या प्रोसेसरच्या मर्जीवर राहत नाही, आणि लॅपटॉपही अडखळत नाही. ‘मानिनी’ची चौकट जुन्या पद्धतीची, जवळजवळ चौकोनी आहे. ती ताणून वॉलभर करू नका. माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळं राहू द्या.

चित्रणावर मजकूर असेल तर अक्षरं निदान 40 ठिपके उंचीची आणि जाड ठेवा. देवनागरीत खरी परीक्षा अनुस्वाराची. बारीक टाइपातला अनुस्वार दोन ठिपक्यांत मावतो आणि दुरून नाहीसा होतो. बहिणाबाईंच्या लेवा गणबोलीतली ओळ लिहाल तर तिथे अर्थच बदलायचा.

वीज. कॅबिनेटच्या मागच्या लेबलवर कमाल वॅट लिहिलेले असतात. ते 175 धरले तर 60 कॅबिनेटचे साडेदहा किलोवॅट झाले. एका आडव्या रांगेला एक लाइन द्या. दहा कॅबिनेट, 1750 वॅट, साडेसात-आठ अँपिअर. अशा सहा लाइन तीन फेजवर दोन-दोन वाटल्या की भार सारखा बसतो. साउंड वॉलच्या लाइनवर जोडू नका, नाहीतर स्पीकरमध्ये गुणगुण येते. साउंड वेगळ्या जनरेटरवर असेल तर उत्तम. अर्थिंग स्वतः उभं राहून तपासून घ्या. वॉल धरणाऱ्या लोखंडी ट्रसला पोरं हात लावणारच. डिसेंबरात रात्री दव पडतं, म्हणून जोडण्या जमिनीवर न ठेवता उचलून बांधा.

डेटा केबलची एक वाट साधारण साडेसहा लाख ठिपके वाहते. आपले ठिपके 9 लाख 83 हजार, म्हणजे दोन वाटा लागतात. वरच्या तीन रांगा एकीवर, खालच्या तीन दुसरीवर द्या. चार पोर्टांचा प्रोसेसर असेल तर उरलेल्या दोन पोर्टांतून साखळीच्या दुसऱ्या टोकाला बॅकअप केबल लावा. मधली एखादी केबल सुटली तरी चित्र जात नाही. लॅपटॉप प्रोसेसरजवळच ठेवा. एचडीएमआय केबल लांबवू नका, लांब जायचं ते नेटवर्क केबलने.

दुपारीच वॉल मंद पांढऱ्यावर अर्धा तास चालू ठेवा. गोदामातली ओल निघते. मग पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि करडा असे पडदे एकेक करून दाखवा आणि वॉलपासून दहा पावलांवर उभं राहून बघा. मेलेले ठिपके, उलट जोडलेलं कॅबिनेट, दोन पॅनलमधली फट हे सगळं तेव्हाच कळतं. लॅपटॉपचा पडदा शंभर टक्के स्केलवर, स्लीप बंद, सूचना बंद.

ब्राइटनेसची खरी जुळणी अंधार पडल्यावरच होते. दिवसा उन्हात चालावी म्हणून वॉल साडेचार-पाच हजार निट्सची असते. सिनेमागृहातला पडदा 48 निट्सच्या आसपास असतो. 10 ते 15 टक्क्यांपासून सुरुवात करा. त्याहून फार खाली नेलं तर सावल्यांतल्या छटा तुटून पट्टे दिसतात. तसं झालं तर थोडं वाढवा. रिफ्रेश 3840 हर्ट्झवर ठेवा, म्हणजे लोकांनी मोबाइलवर चित्रण केलं तरी काळ्या रेघा येत नाहीत. शेवटी बोलणाऱ्या माणसाचा जवळचा शॉट लावून ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहा. प्रोसेसरमुळे चित्र दोन-तीन फ्रेम मागे पडतं, तेवढाच आवाज मिक्सरवर मागे ढकला.

3 डिसेंबरला असोद्यात सूर्य सहाच्या आतच मावळतो. साडेसहाला सुरू करा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे.