पोथीची भाषा आपल्याच तोंडी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की दत्तजयंतीच्या सप्ताहाची तयारी सुरू होते, आणि अलीकडे तिच्याबरोबर एक प्रश्नही येतो. तरुण मंडळी विचारतात, "काका, पोथीची ही भाषा आता कुणाला कळते? ती तर कधीच मेली. त्यापेक्षा सोपं गद्य वाचू या की!" प्रश्न रागावण्यासारखा नाही. सात दिवस मांडी घालून बसायचे आणि निम्मे उमजायचे नाही, हे कुणालाही जाचणारच. माझा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला, तेव्हा या 'मेलेल्या' भाषेविषयी चार गोष्टी सांगतो.

आईच्या कुशीत जी भाषा शिकणारे मूल उरत नाही, तिला अभ्यासक मृत म्हणतात. संस्कृतला मृत म्हटले की काही जणांना राग येतो. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा लिहिणारे सुमारे २५ हजार निघाले, तेव्हा त्यांच्या रागाला आधारही आहे. पण घरोघरी बोलणे थांबले म्हणून भाषा संपतेच असे नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी घरात असेल तर बाहेर काढा. तीवर 'बी.डी.' असेल तर ते लॅटिन आहे, 'दिवसातून दोनदा'. 'एस.ओ.एस.' म्हणजे 'गरज पडली तर'. चिठ्ठीच्या डोक्यावरची ती आर आणि एक्स यांची खूण म्हणजे लॅटिन आज्ञा, 'घे'. घरीदारी लॅटिन बोलणारी माणसे जाऊन हजार वर्षे लोटली, पण कोपऱ्यावरचा औषधवाला ते रोज वाचतो.

आपल्याकडचे संस्कृत तर त्याहून जवळचे. 'श्रीगणेशाय नमः' म्हणताना आपण संस्कृतची चतुर्थी विभक्ती अचूक वापरतो. व्याकरण शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही. 'कृपया चपला बाहेर ठेवाव्यात' या पाटीवरचे 'कृपया' हे 'कृपा' शब्दाचे तृतीयेचे रूप आहे, म्हणजे कृपेने. अकस्मात, साक्षात, अर्थात हे तर पंचमीचे प्रत्यय शेवटी घेऊन जसेच्या तसे आलेले शब्द. नमस्काराला वाकलेल्या सुनेला आजी 'सौभाग्यवती भव' म्हणते, त्यातले 'भव' हे संस्कृत क्रियापदाचे आज्ञार्थी रूप.

पण माझा खरा विषय पोथीची मराठी. ती संस्कृत नव्हे, आपलीच जुनी मराठी आहे, आणि गंमत अशी की तीच आपल्याला जास्त परकी वाटते. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. गुरुचरित्र त्यानंतरचे. एवढ्या काळात क्रियापदे बदलली, प्रत्यय गळले. तरी गळलेले सगळे नाहीसे झाले का?

एक म्हण घ्या. 'देव तारी त्याला कोण मारी.' तारी, मारी हा कोणता काळ? हा जुना वर्तमानकाळ आहे: तारतो, मारतो. 'दाम करी काम', 'बळी तो कान पिळी', 'थेंबे थेंबे तळे साचे', सगळीकडे तोच. आज आपण 'आजोबा रोज पूजा करी' असे म्हटले तर अर्थ होतो, करत असत. म्हणजे जुना वर्तमानकाळ आता रीतिभूतकाळ झाला. मूळ अर्थाने तो म्हणींत राहिला आणि पोथीत. पोथीत 'करी' दिसले की 'करतो' असे वाचा. निम्म्या ओव्या तेवढ्याने मोकळ्या होतात.

'म्हणे'चे असेच. गेल्या सप्ताहात एका दहा-बारा वर्षांच्या मुलाने मला विचारले, "लिहिणाऱ्याला खात्री नव्हती का? दर वेळी 'म्हणे' का म्हणतो?" पोराचे कान तल्लख! आपण आज 'तो म्हणे मुंबईला गेला' असे बोलतो तेव्हा त्यात शंका असते, ऐकीव असते. गुरुचरित्रात सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद आहे. तिथले 'म्हणे' म्हणजे सरळ 'म्हणतो'. शंका तिथे नाही.

आता 'पाहिजे'. 'मला चहा पाहिजे' हे वाक्य बोलल्याशिवाय आपली सकाळ होत नाही. हे 'पाहणे' क्रियापदाचे जुने कर्मणी रूप, मुळात 'पाहिले जाते'. 'म्हणजे' हा शब्दही मूळचा 'म्हणिजे', म्हणजे 'म्हटले जाते'. पोथीत 'कीजे', 'जाणिजे' असले काही आले की लोक अडखळतात. त्याच घराण्यातले हे दोन शब्द दिवसभर आपल्या तोंडी असतात.

विभक्तींचा तक्ता आठवतो का? 'स, ला, ते' आणि 'ने, ए, शी' घोकताना 'ते' आणि 'ए' कुठे वापरतात हे आम्हा मुलांना कुणी सांगितले नव्हते. 'ते' पोथीत आहे: 'तयातें' म्हणजे त्याला. 'ए' तर मंदिराच्या फलकावर आहे, 'यांच्या हस्ते महाआरती'. हस्ते, म्हणजे हाताने.

गद्य पुस्तकाला माझा विरोध नाही. दुपारी घरी बसून अवश्य वाचावे, कथा नीट समजते. पण सप्ताहात ओवी काढून गद्य ठेवण्याला मात्र आहे. गद्यात 'म्हणतो', 'करतो' येईल आणि वर सांगितलेले एकही रूप कानावर पडणार नाही. आपल्यासारख्यांच्या तोंडून ही रूपे सलग अशी फक्त याच सात दिवसांत उमटतात. पुढच्या पिढीला ओवी वाचायची असेल तेव्हा मग शब्दकोश घेऊन बसावे लागेल. आणि ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर स्वतः कन्नड भाषिक. मराठी आपली भाषा नव्हे असे ते ग्रंथातच सांगतात. ज्याने परकी भाषा शिकून ग्रंथ रचला, त्याच्यासमोर 'आम्हाला जड जाते' हे मराठी माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचे?

न कळता वाचणाऱ्यालाही मी कमी लेखत नाही. आमच्या आईला अर्थ अर्धाच कळे, पण उच्चार तिचा बिनचूक होता, आणि आम्हा भावंडांकडे तो तिच्याकडूनच आला.

यंदा सप्ताहात रोज वाचनाआधी दहा मिनिटे मी दोन-तीन जुनी रूपे सांगणार आहे. पहिल्या दिवशी 'म्हणे' आणि 'करी', दुसऱ्या दिवशी 'करोनि', 'पाहोनि', म्हणजे आजचे 'करून', 'पाहून'. येणाऱ्यांनी वही-पेन्सिल आणावी. पोथीत खुणा करायच्या असतील तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.