आवाज आपला, जबाबदारीही आपली

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही
• वाचण्यासाठी लिहिलेली भाषा आणि ऐकण्यासाठी लिहिलेली भाषा यांतील फरक सांगू शकाल;
• बोलीभाषा आणि निष्काळजी बोलणे यांत भेद करू शकाल;
• नभोवाणीसाठी लहान निवेदन तयार करू शकाल.

मूळपाठ

१९३५ साली म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘आकाशवाणी’. पुढे देशाच्या राष्ट्रीय नभोवाणीने हेच नाव स्वीकारले. १९५५ साली म्हैसूरचे ते केंद्र बंगळूरला हलविण्यात आले. हौसेने आरंभिलेले कार्य किती दूरवर पोहोचू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

त्यानंतर दीर्घकाळ नभोवाणी शासनाच्याच हाती राहिली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. अशा केंद्राचे किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत व बोलीत असावेत, अशी या धोरणाची अपेक्षा आहे. २००७ साली बंगळूरमध्ये ‘रेडिओ ॲक्टिव्ह’ हे केंद्र सुरू झाले. २००८ साली जहीराबादजवळील माचनूर येथे दलित शेतकरी स्त्रियांचे ‘संगम रेडिओ’ सुरू झाले. त्या स्त्रिया आपल्या रोजच्या तेलुगू बोलीतच बोलू लागल्या.

इंटरनेटमुळे आता प्रक्षेपणाच्या मनोऱ्याचीही आवश्यकता उरलेली नाही. बंगळूरच्या मल्लेश्वरमसारख्या जुन्या वस्तीत दहा-बारा रहिवाशांनी एकत्र येऊन असे ऑनलाइन केंद्र चालविले, अशी कल्पना करा. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी गृहिणी, कोणी दुकानात काम करणारा तरुण. कोणालाही वेतन नाही. अशा केंद्रात निवेदनाचा दर्जा कसा सुधारावा?

या बाबतीत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, काम विनामूल्य असल्यामुळे जसे होईल तसे चालेल. परंतु निवेदक मोबदला घेत नसला, तरी श्रोता आपला वेळ देत असतो आणि ऐकलेल्या माहितीवर विसंबून तो घराबाहेर पडतो. पुढील निवेदन पाहा :

‘नेत्रतपासणी शिबिराचे आयोजन करण्यात आले असून सर्व गरजूंनी सदर संधीचा लाभ घ्यावा.’

वाक्य शुद्ध आहे. परंतु ज्या वृद्ध स्त्रीला अंधुक दिसते, तिला त्यातून काहीही कळत नाही. शिबिर कोठे आहे? केव्हा आहे? पैसे पडतील काय? हेच निवेदन असे करता येईल :

‘रविवार, ९ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता आठव्या क्रॉसवरील शाळेत डोळ्यांची तपासणी होणार आहे. पैसे द्यावे लागणार नाहीत. जुना चष्मा असल्यास सोबत आणा. पुन्हा सांगते : रविवार, ९ मार्च, सकाळी नऊ, आठवा क्रॉस.’

वाचक मागचे वाक्य पुन्हा वाचू शकतो. नभोवाणीच्या श्रोत्याला ती सोय नेहमीच नसते. म्हणून वाक्ये लहान हवीत आणि महत्त्वाचा तपशील दोनदा यावा. ऑनलाइन केंद्रावरील ध्वनिमुद्रण अनेकजण नंतर ऐकतात. तेव्हा ‘येत्या रविवारी’ हे शब्द दिशाभूल करतात. म्हणून तारीख सांगणे आवश्यक ठरते.

दुसरा गैरसमज अधिक हानिकारक आहे. चांगला निवेदक म्हणजे पुस्तकी उच्चारांचा, भारदस्त आवाजाचा माणूस, असे अनेकांना वाटते. त्यामुळे ‘पाणी’ या शब्दाला ‘पानी’ म्हणणारी व्यक्ती माइकपुढे यायला संकोचते. वास्तविक ‘पानी’ ही बोली आहे. तिच्यात अप्रतिष्ठा नाही आणि तिच्यामुळे अर्थही बिघडत नाही. मात्र पाहुण्याचे नाव चुकीचे उच्चारणे, औषधाचे प्रमाण न तपासता सांगणे किंवा शब्द अर्धवट गिळणे हे दोष होत. दर्जा सुधारायचा तो या दोषांच्या बाबतीत. सर्वांना एका साच्यात बसविले, तर ज्यांच्यासाठी केंद्र उभारले त्यांचाच आवाज तेथून नाहीसा होईल.

सुधारणेचा मार्ग सोपा, परंतु चिकाटीचा आहे. कार्यक्रमापूर्वी मजकूर मोठ्याने वाचावा. जेथे श्वास अपुरा पडतो तेथे वाक्य तोडावे. अपरिचित नावाचा उच्चार त्या व्यक्तीलाच विचारावा. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा फटकारा त्यावर बसत नाही.

सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे स्वतःचे ध्वनिमुद्रण. आठवड्यातून एकदा सर्व निवेदकांनी एकत्र बसून ते ऐकावे. प्रथम निवेदकाने स्वतःचे मत सांगावे. मग इतरांनी एक आवडलेली आणि एक बदलण्याजोगी गोष्ट सांगावी. ज्येष्ठांच्या कार्यक्रमांचीही अशीच तपासणी व्हावी. स्वयंसेवकाला हुकूम सोडता येत नाही. नियम सर्वांना सारखा असेल, तरच तो मनापासून पाळला जातो.

आपल्या बोलीत, पण पूर्ण तयारीनिशी बोलणारा निवेदक श्रोत्यांना आपला वाटतो आणि त्याच्या शब्दावर ते विश्वास ठेवतात. तो विश्वास हीच अशा केंद्राची खरी मिळकत होय.

शब्दार्थ

नभोवाणी – रेडिओ
निवेदन – श्रोत्यांना उद्देशून केलेले कथन
भारदस्त – वजनदार, प्रभावी
मुभा – परवानगी

स्वाध्याय

१. नेत्रतपासणीच्या दोन निवेदनांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘पानी’ म्हणणे हा दोष का नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या वस्तीतील एखाद्या कार्यक्रमाचे पाच वाक्यांचे निवेदन तयार करा. ते मोठ्याने वाचून घरातील कोणाला तरी ऐकवा. त्यांना दिवस, वेळ व ठिकाण आठवते का, ते पाहा.