आधी तो मोबाईल पालथा ठेव

अगं, काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला हसूच आलं. साताऱ्यात पाच जणांना जमवलंस, वीस बाजूंचे फासे मागवलेस, अजिंक्यताऱ्याच्या वेढ्यावर गोष्ट बेतलीस, आणि अडलीस कुठं, तर "ताई, कॅरेक्टरसाठी कुठलं ॲप घेऊ?" सांगते. इथं सांगलीत आमच्या हॉलमध्ये गेली सहा वर्षं दर शनिवारी हा खेळ चालवतेय. ॲपच्या नादी लागून झालंय, ॲपवर रुसूनही झालंय.

आधी 'डीएम', म्हणजे गोष्ट चालवणारा 'डंजन मास्टर', या शब्दाचा बाऊ करू नकोस. 1843 साली याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा लिहिलेली होती ती पदं. सूत्रधार ती गायचा, प्रसंग पुढं न्यायचा, आणि सोंगं घेतलेली मंडळी आपापली भाषणं ऐनवेळी मनानं करायची. तुझ्या टेबलावर दुसरं काय होणार आहे? 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं, त्यात सोंगांच्या जोडीला फासे आणि आकडे होते, एवढंच. ॲप लागतं ते त्या आकड्यांसाठी. तो तुझा दिवाणजी. दिवाणजी कितीही हुशार असला तरी तिजोरीची किल्ली आपल्याच कनवटीला ठेवायची असते.

म्हणून पहिल्या रविवारी ॲप नको. कागद, पेन्सिल, खोडरबर. माझ्याकडं एक मुलगा यायचा, तिसऱ्या लेव्हलचा फायटर. दर वाराला फासा टाकायचा, मोबाईलकडं बघायचा आणि "सोळा" म्हणायचा. एकदा विचारलं, "अरे, फाशावर तर अकरा दिसतायत." म्हणे, "ॲपनं सोळा सांगितले." मग घेतला शेजारी बसवून. शक्ती 16. त्यातून दहा वजा, उरले सहा, निम्मे केले तीन. तिसऱ्या लेव्हलला सरावाचे दोन. तीन नि दोन पाच, अकरा नि पाच सोळा. समोरच्या गॉब्लिनचं चिलखत 15, म्हणून वार बसला. पोरगं असलं खूश झालं! पुढच्या शनिवारपासून दोन हातांनी तलवार धरू की एका हातात ढाल घेऊ, यावर माझ्याशी वाद घालायला लागलं. हा वाद म्हणजेच खेळ, आणि हिशेब कळल्याशिवाय तो घालता येत नाही.

दुसरं, ॲप यादी पुढं करतं आणि मुलं यादीतलंच मागतात. तुझी गोष्ट डिसेंबर 1699 ते एप्रिल 1700 मधली. खाली स्वतः औरंगजेब, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. शेवटी सुरुंग उडाले. प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडला गेला तो जिवंत निघाला, आणि दुसऱ्या स्फोटात कडा मोगलांच्याच माणसांवर कोसळला. असल्या गडावर रात्री दोरानं चढणारा जासूद, दारूकोठाराची राखण करणारी म्हातारी, ही माणसं ॲपच्या यादीत कुठून असणार? तिथं एल्फ आहेत, वॉरलॉक आहेत. तेव्हा आधी खेळाडूला विचार, "तू कोण? गडावर तुझं कोण अडकलंय?" त्याचं उत्तर मराठीत दोन ओळींत लिहून घे. मग ॲप उघडून त्या माणसाला जवळचा साचा शोध. जासूदाला 'रोग'चा, म्हणजे चोर-भामट्याचा, साचा बसतो (आमच्या आईनं तो शब्द ऐकला आणि विचारलं, कुणाला काय झालंय). आकडे त्यांचे घे, नावगाव आपलं ठेव.

दोन-तीन बैठका झाल्या की मात्र खुशाल ॲप घे. मंत्र वापरणाऱ्यांना तर लागतंच. कुठला मंत्र तयार आहे, किती खर्च झाले, रात्रीच्या झोपेनंतर काय परत मिळालं, हे कागदावर खोडून खोडून कागद फाटतो. लेव्हल वाढली की दहा जागचे आकडे हलतात, त्यातले दोन तरी माणूस विसरतो. डीअँडडी बियॉन्ड या ॲपच्या फुकट खात्यात सहा पात्रं मावतात, तुझ्या पाच जणांना पुष्कळ झालं. आणि पैसे टाकायच्या आधी हे ऐक: जानेवारी 2023 पासून या खेळाच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. मूळ श्रेय दिलंस की मराठीत उतरवून वाटलास तरी कुणी विचारणार नाही. मी साध्या स्प्रेडशीटमध्ये देवनागरी तक्ता केलाय. 'शक्ती'च्या घरात आकडा टाकला की शेजारचं घर आपोआप भरतं. तुला पाठवते.

आता माझी फजिती. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस, आणि ऐन लढाईत लाईट गेली. वायफाय गेलं, दोघांच्या मोबाईलची बॅटरी आधीच शेवटच्या घटका मोजत होती. जादूगाराला स्वतःचे किती मंत्र उरलेत ते आठवेना. एकीनं तेवढी आपल्या पात्राची शीट छापून आणलेली. मेणबत्तीच्या उजेडात तिचाच लढवय्या लढला, बाकी सगळे बघत बसले. तेव्हापासून नियम केलाय: लेव्हल वाढली की पीडीएफ काढायची, झेरॉक्सवाल्याकडून छापून फाईलला लावायची. कारण नुसतं लाईटचं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये, खेळाची नवी आवृत्ती येण्याच्या तोंडावर, डीअँडडी बियॉन्डनं जाहीर केलं की लोकांच्या शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणं बदलतील. खेळाडू खवळले, काही दिवसांत निर्णय मागं घेतला गेला. पण कळलं ना? आपली वही दुसऱ्याच्या कपाटात असली की असं होतं.

तुझ्यासाठी मात्र एक वेगळा कागद कर. पाचही जणांची नावं, चिलखत, जीव, आणि न विचारता लक्षात येणारा आकडा, म्हणजे दहा अधिक त्यांच्या निरीक्षणाचे गुण. हा शेवटचा रकाना सोन्याचा आहे. झुडपाआड मोगल दबा धरून बसलाय. तू "फासे टाका" म्हणालीस की सगळ्यांना कळतंच काहीतरी आहे. त्यापेक्षा गुपचूप कागदाकडं बघ, कुणाचा आकडा पुरतो ते पाहा, आणि त्याच्याच कानात सांग, "तुला पाचोळा वाजल्यासारखं वाटलं." बाकीच्यांचे चेहरे बघ मग.

त्याच कागदाच्या पाठीमागं लिही: कुणी कुणाला काय वचन दिलं, कुणाचं देणं राहिलं, म्हातारीला नातवाची खबर आणून देतो असं कोण म्हणालं. ॲप हे विचारत नाही, आणि चार रविवारांनी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं ते यानंच.

फासे टेबलावरच टाकायला लाव, मोबाईलमध्ये नको. पात्र मरणाच्या दारात असतं तेव्हा वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा वर यावे लागतात. तो फासा लाकडावर गडगडत जातो आणि पाच डोकी एकदम पुढं वाकतात. स्क्रीनवर तोच आकडा एकट्यालाच दिसतो.

आणि मोबाईल आपली पाळी येईपर्यंत पालथा. हा नियम पहिल्याच दिवशी सांग, तिसऱ्या रविवारी सांगितलास तर कुणी ऐकणार नाही. सगळ्यात आधी तुझा पालथा ठेव; तू खाली बघत बसलीस तर तुझ्याकडं कोण बघेल?

येत्या रविवारी सहा पेन्सिली तेवढ्या टोक काढून ठेव. ॲपचं आपण पुढच्या महिन्यात बोलू.