रात्री निजताना लावायची लेन्स आणि रियाधचा धडा

लांबचे अंधुक दिसणे, म्हणजेच उणे नंबर, हा दोष चष्म्याने भागतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण ज्यांना दिवसा चष्मा नको व शस्त्रक्रियाही नको, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. रात्री निजताना एक कडक लेन्स डोळ्यांत घालावयाची व सकाळी काढून ठेवावयाची. मग दिवसभर चष्म्याविना लांबचे दिसते. या पद्धतीस ऑर्थोकेराटॉलॉजी म्हणतात.

हे कसे घडते? बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. तो म्हणजे कॉर्निया. उणे नंबरात प्रकाशकिरण डोळ्यातील मागच्या पडद्यावर न पडता अलीकडेच एकत्र येतात. लेन्स रात्रभरात कॉर्नियाचा मधला भाग किंचित चपटा करते व किरण योग्य जागी पडतात. हा बदल कायमचा नव्हे. लेन्स सोडली की थोड्याच दिवसांत नंबर परत येतो. रात्री वापरण्याच्या अशा लेन्सला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली मान्यता दिली. हाँगकाँगच्या २०१२ च्या पाहणीत असेही दिसले की, ही लेन्स वापरणाऱ्या मुलांच्या डोळ्यांची लांबी चष्मेवाल्या मुलांपेक्षा दोन वर्षांत शेकडा ४३ ने कमी वाढली. म्हणून आईबाप मुलांसाठी ही लेन्स मागतात.

येथेच सौदी अरेबियाचा धडा उपयोगी पडतो. रियाध येथे ६ ते २१ वर्षांच्या मुलामुलींचे डोळे यंत्राने तपासले गेले. ही मुले डोळ्यांच्या तक्रारीसाठी आलेली नव्हती. तरीही २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शेकडा ४.७९, म्हणजे सुमारे २१ जणांत एकास केराटोकोनस आढळला. या विकारात कॉर्निया पातळ व कमजोर होऊन शंकूसारखा पुढे येतो. आरंभी तो साध्या उणे नंबरासारखाच भासतो. अशा कमजोर कॉर्नियावर रात्रीची लेन्स लावणे योग्य नव्हे.

हा प्रश्न केवळ सौदी लोकांचा आहे असे समजू नये. नागपूरकडील खेड्यांतील २००९ च्या पाहणीत हा विकार शेकडा २.३, तर जेरुसलेमच्या विद्यार्थ्यांत २०११ साली शेकडा २.३४ आढळला. तपासणीच्या रीती व वयोगट निराळे असल्याने या आकड्यांची तुलना करू नये. परंतु आपणही सावध असावे. डोळे सारखे चोळणे, डोळ्यांची ॲलर्जी, घराण्यात हा विकार असणे आणि जवळच्या नात्यातील विवाह, यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला आहे.

तेव्हा आईबापांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

१. लेन्स घेण्यापूर्वी कॉर्नियाचा नकाशा काढून घ्यावा. त्यास टोपोग्राफी म्हणतात. नुसता नंबर तपासणे पुरेसे नाही.

२. लेन्सला नळाचे पाणी कदापि लावू नये. पाण्यातील अमीबा जातीचा जंतू कॉर्नियावर भयंकर जखम करतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे.

३. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

४. मुलांना डोळे चोळण्याची सवय लागू देऊ नये.

चष्मा टळला तर आनंदच आहे. पण आधी नकाशा, मग लेन्स, हा क्रम कोणीही मोडू नये.