फसवून घेतलेली सही

करारात लबाडी निघाली की करार आपोआप मोडतो, असा समज आपल्या मंडळींत पुष्कळ आढळतो. त्याला आधार म्हणून एक जुने लॅटिन वचनही सांगतात: फ्रॉस ओम्निया कोरुम्पिट, म्हणजे लबाडी सर्व काही नासवते. वचन खरे आहे. समज अर्धाच खरा आहे.

येथील कायदा दोन प्रकार मानतो. कागद कशाचा आहे हेच लपवून, म्हणजे पावती आहे असे सांगून गहाणखतावर सही घेतली, आणि सही करणाऱ्यास ते कळण्याची वाजवी संधी नव्हती, तर मुळात करारच झाला नाही. परंतु कागद ठाऊक होता, फक्त खोटेनाटे सांगून मन वळवले, असे असेल तर करार उभा राहतो. तो पाळावा की मोडावा ही निवड फसलेल्या माणसाची. फसवणाऱ्याला ती नाही. हिंदुस्थानच्या १८७२ च्या करार कायद्यातील १९ वे कलम हेच सांगते.

फ्लोरिडातील वोक्सबाईंचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ५१ वर्षांच्या या एकट्या विधवा बाई १९६१ साली आर्थर मरे यांच्या नावाने चालणाऱ्या एका नृत्यशाळेत गेल्या. तुमच्या अंगात मोठी कला आहे, अशी स्तुती करकरून सोळा महिन्यांच्या आत त्यांना २,३०२ तासांचे धडे विकण्यात आले. किंमत ३१,००० डॉलरांहून अधिक! बाईंची तक्रार अशी की, त्यांना संगीताचा ठेकासुद्धा नीट कळत नव्हता आणि शाळेला हे माहीत होते. खालच्या कोर्टाने फिर्याद फेटाळली. वरच्या कोर्टाने १९६८ साली ती पुन्हा चालवण्यास सांगितले. दुकानदाराने माल वाखाणणे हे केवळ मत, हे खरे. पण जाणकाराने अजाणास दिलेले मत वस्तुस्थितीचे विधान ठरू शकते, असे कोर्टाने म्हटले.

आता विलंबाविषयी. लबाडी कळल्यावरही मुकाट्याने हप्ते भरीत राहिल्यास आपण करार मान्य केला असे धरले जाते. म्हणून ताबडतोब लेखी कळवावे, आणि घेतलेली वस्तू परत करण्याची तयारी दाखवावी. शिवाय आपल्याकडून लबाडीने विकत घेतलेला माल त्या इसमाने मध्येच एखाद्या निष्पाप गिऱ्हाईकास विकला, तर तो त्याच्याकडून बहुधा परत मिळत नाही.

दारावर येणाऱ्या विक्रेत्यांसाठी मात्र १९७४ पासून वेगळा नियम आहे. घरी झालेली २५ डॉलर वा अधिक किमतीची खरेदी, काही अपवाद सोडल्यास, तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येते. त्यासाठी लबाडी सिद्ध करावी लागत नाही.