सूर्य कशावर जळतो?

शेगडीत घातलेल्या कोळशांची तास-दोन तासांत राख होते. मग युगानुयुगे धगधगणाऱ्या सूर्याला सर्पण कोण पुरवितो? एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न छळीत होता. सूर्य हा कोळशाचा गोळा असता, तर सुमारे ५,००० वर्षांतच विझून गेला असता. सूर्य आपल्याच भाराने आक्रसतो आणि त्यातून उष्णता निघते, असे लॉर्ड केल्व्हिन प्रभृतींचे मत होते. पण तो हिशेबही काही कोटी वर्षांपलीकडे जाईना. पृथ्वीवरील खडक तर त्याहून कितीतरी जुने असल्याचे भूवैज्ञानिक सांगत. लेकीचे वय आईहून अधिक भरावे, तसाच हा प्रकार!

१९२० च्या सुमारास ॲस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अणूंची वजने काटेकोरपणे मोजली. हेलियमचा एक अणू हायड्रोजनच्या चार अणूंहून किंचित हलका भरला. ही तूट जाते कोठे? तिचाच प्रकाश होत असला पाहिजे, असा तर्क एडिंग्टन यांनी १९२० मध्ये मांडला. वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर होऊ शकते, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्येच दाखविले होते.

सूर्याच्या गर्भात सुमारे दीड कोटी अंश उष्णता असते. हायड्रोजनची अणुकेंद्रे एरवी परस्परांना दूर लोटतात. परंतु तेथे ती इतक्या वेगाने धावतात, की क्वचित एखादी जोडी एकमेकींस बिलगते. पुढे टप्प्याटप्प्याने हेलियमचे केंद्र घडते. यालाच अणुकेंद्रांचे संमीलन म्हणतात. त्याचे सविस्तर गणित हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. १,००० ग्रॅम हायड्रोजनपासून ९९३ ग्रॅम हेलियम होते. उरलेल्या ७ ग्रॅमांची ऊर्जा बनते. अशा रीतीने सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान उधळीत असतो.

एवढे ऐकून ती भट्टी फार प्रखर असेल, असे तुम्हांस वाटेल. पण गंमत अशी, की गर्भाच्या ऐन मध्यावरील एक घनमीटर भागातून जेमतेम २८० वॅट शक्ती निघते. खताच्या खड्ड्यात कुजणाऱ्या पाल्याची ऊबही जवळजवळ तितकीच! सूर्याचे सामर्थ्य आहे ते त्याच्या अवाढव्य आकारात. त्याच्या पोटात १३ लाख पृथ्वी मावतील. हायड्रोजनच्या एका केंद्राला जोडीदार मिळण्यास सरासरी कित्येक अब्ज वर्षे लागतात. म्हणूनच सूर्याच्या गर्भातील साठा अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरणार आहे.